विश्रांती हेही शिकावे लागते
(ताणजन्य डोकेदुखी आणि दिनचर्या या विषयावरील व्याख्यानाचा पाठ)



डोकेदुखी ही तक्रार इतकी नित्याची झाली आहे की, तिला कोणी आजार मानीत नाही. ताप आला तर घरातील माणसे कपाळावर हात ठेवून पाहतात, पाय मुरगळला तर शेक देतात. पण 'आज डोके फार जड झाले आहे' असे गृहिणी म्हणाली, तर तिला ठरलेले उत्तर मिळते, 'एक गोळी घे आणि पड जरा.' गोळी घेतली जाते. पडणे मात्र राहून जाते. कुकर लावायचा असतो, मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो, सासूबाईंच्या औषधाची वेळ झालेली असते. डोंबिवली-कल्याणहून मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराची कथा वेगळी नाही. जाता-येता लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून उभे राहायचे, दिवसभर संगणकासमोर मान पुढे काढून बसायचे आणि घरी आल्यावर राहिलेल्या कामाचे फोन घ्यायचे. त्याच्या खिशात रेल्वेचा पास आणि गोळ्यांची पट्टी शेजारी शेजारी नांदत असतात.

'गोळी घे' आणि 'पड जरा' या दोन उपायांपैकी पहिला समाजाने मनापासून स्वीकारला. दुसरा या भूमीत शास्त्र म्हणून विकसित झाला होता, तोच नेमका विस्मरणात गेला. आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा उपाय आहे.

दुखणे कोणते, हे आधी ओळखावे

सर्व डोकेदुखी एकजात नसते. अर्धशिशीत बहुधा एका बाजूस ठणका लागतो, मळमळते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, जिना चढला तरी दुखणे वाढते. ताणजन्य डोकेदुखीचे रूप निराळे आहे. डोक्याभोवती घट्ट पट्टा आवळावा किंवा डोक्यावर वजन ठेवावे, तसे दोन्ही बाजूंस सारखे दुखते. ठणका नसतो, दाब असतो. वेदना सौम्य ते मध्यम असते. चालण्या-फिरण्याने ती वाढत नाही. माणूस काम करू शकतो, आणि म्हणूनच तो ते करीत राहतो. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहिले, तर ती जुनाट ताणजन्य डोकेदुखी होय. कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर तीन प्रौढांमागे सुमारे एकाला वर्षभरात ताणजन्य डोकेदुखीचा अनुभव आल्याचे आढळले. त्यातील बहुतेकांची ती अधूनमधून येणारी असते; परंतु काहींची हळूहळू मुक्कामाला येते. खरा प्रश्न या मुक्कामाचा आहे.

पूर्वी या विकारास 'स्नायू आखडल्याने होणारी डोकेदुखी' असेच नाव होते. कपाळ, कानशिले, जबडा, मानेचा मागचा भाग आणि खांदे येथील स्नायू दाबले असता या रुग्णांना दुखते, हे आजही खरे आहे. परंतु स्नायूंचा ताण ही अर्धीच गोष्ट आहे, असे पुढील संशोधनाने दाखविले. दुखणे दीर्घकाळ राहिले की, वेदनेचे संदेश हाताळणारी मज्जासंस्थाच हळवी होते. एरवी ज्या दाबाची दखलही घेतली गेली नसती, तो तिला वेदना म्हणून जाणवू लागतो. म्हणून नुसता बाम चोळून किंवा मान दाबून हा विकार मुळातून जात नाही. आखडलेला स्नायू सैल करणे आणि सतत सावध राहिलेल्या मज्जासंस्थेस 'आता धोका नाही' अशी खात्री पटविणे, ही दोन्ही कामे व्हावी लागतात. विश्रांतीच्या शास्त्राचे महत्त्व येथे आहे.

प्राचीनांची दृष्टी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सतरावा अध्याय शिरोरोगांच्या विचाराने सुरू होतो. तेथे दिलेली कारणांची यादी आजच्या शहरी वाचकाने अवश्य पाहावी. मलमूत्रादी वेग रोखून धरणे, दिवसा झोपणे, रात्री जागणे, मद्य, मोठ्याने बोलणे, धूळ, धूर, ऊन, जड आणि आंबट पदार्थांचा अतिरेक, रडणे आणि आलेले अश्रू दाबणे, मनस्ताप, अशी ती यादी आहे. आचार्यांनी शरीराची कारणे आणि मनाची कारणे एकाच ओळीत बसविली. धूळ आणि मनस्ताप यांत त्यांनी भिंत घातली नाही.

त्याच ग्रंथाचा सातवा अध्याय वेगधारणावर आहे. मूत्राचा वेग अडविल्याने होणाऱ्या विकारांत तेथे डोकेदुखीचा स्पष्ट उल्लेख येतो. हा उल्लेख केवळ वैद्यांच्या अभ्यासाचा नाही. बाहेर स्वच्छ प्रसाधनगृह मिळणार नाही म्हणून घरातून निघताना पाणीच न पिणाऱ्या आणि आठ-आठ तास कुचंबणा सोसणाऱ्या भगिनी प्रत्येक शहरात आहेत. बसवाहक, परिचारिका, शिक्षिका, विक्रेत्या यांच्या दुपारच्या डोकेदुखीचे कारण शोधताना मनाच्या ताणापूर्वी या साध्या गोष्टीची विचारपूस झाली पाहिजे. येथे रुग्णास 'ताण घेऊ नका' असा उपदेश करून भागत नाही. त्या ठिकाणी स्वच्छतागृह बांधावे लागते. आरोग्य ही वैयक्तिक साधना आहे, तशीच ती सामाजिक जबाबदारीही आहे.

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ चरकाचार्यांनी मानले. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही आहार-विहार, कर्म, निद्रा आणि जागरण यांत युक्तता असेल, तरच योग दुःखाचे हरण करतो, असा विचार येतो. 'युक्त' हा येथील कळीचा शब्द आहे. कर्म सोडावयास कोणी सांगितलेले नाही. कर्माला विश्रांतीची जोड द्यावयास सांगितले आहे.

गोळीचा फास

गोळी निषिद्ध नाही. महिन्यातून एक-दोनदा डोके दुखले आणि साधी वेदनाशामक गोळी घेतली, तर त्यात काही वावगे नाही. संकट सुरू होते ते गोळी सवयीची झाल्यावर. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि अनेक औषधे एकत्र केलेल्या किंवा अफूवर्गीय गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर ज्याला आधीच डोकेदुखी आहे अशा माणसात त्या गोळ्याच नवी डोकेदुखी निर्माण करू शकतात. वैद्यकशास्त्रात हा स्वतंत्र विकार मानला जातो. सकाळी उठताच डोके दुखते, गोळीने उतरते, तिचा अंमल सरताच पुन्हा चढते. रुग्णास वाटते, आजार बळावला. प्रत्यक्षात औषधच आजाराचे अन्न झालेले असते. शिवाय यांतील काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर आणि मूत्रपिंड यांना अपाय करतात.

या फासातून सुटण्यासाठी गोळ्या थांबवाव्याच लागतात. परंतु त्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने थांबवाव्यात. सुरुवातीचे काही दिवस दुखणे वाढते. हे आधी ठाऊक नसेल, तर माणूस घाबरून पुन्हा पट्टीकडे वळतो. ठाऊक असेल आणि घरच्यांची साथ असेल, तर ते दिवस निभावतात. चहाचेही काहीसे असेच आहे. दिवसातून सात-आठ कप चहा घेणाऱ्याने तो एकाएकी बंद केला, तर दुसऱ्याच दिवशी डोके धरते. म्हणून चहा एकेक कप करीत उतरवावा.

लोणावळा आणि शिकागो

विसाव्या शतकाच्या आरंभी जगाच्या दोन टोकांना दोन माणसे एकाच प्रश्नामागे लागली होती. अमेरिकेतील एडमंड जेकबसन यांनी स्नायूंमधील सूक्ष्म ताणाचा अभ्यास आरंभिला आणि १९२९ साली शिकागोहून त्यांचा 'प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणूस निवांत पडला आहे असे दिसत असतानाही त्याचे अनेक स्नायू ताणलेलेच असतात, आणि हा ताण ओळखण्यास व सोडण्यास त्याला शिकविता येते, हे त्यांच्या कार्याचे सार होते.

महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसन-प्राणायामांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण आणि अन्य उपकरणांच्या साह्याने तपासण्याचे त्यांनी ठरविले. परंपरेविषयी अपार श्रद्धा आणि प्रयोगाविषयी तितकीच निष्ठा, असा दुर्मीळ संगम त्यांच्या ठायी होता. त्यांच्यामागेही ही परंपरा चालू राहिली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा प्रयोग केला आणि १९६९ साली त्याचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात मांडले. हठयोगप्रदीपिकेने शवासनास थकवा हरण करणारे आणि चित्तास विश्रांती देणारे म्हटले आहे. जे साधकांच्या अनुभवात होते, ते रुग्णालयातील मोजमापाच्या कक्षेत आले.

डोकेदुखीपुरते बोलायचे, तर अमेरिकेतील केनेथ होलरॉइड व सहकाऱ्यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. जुनाट ताणजन्य डोकेदुखीच्या २०३ रुग्णांचे त्यांनी चार गट केले. एका गटास प्रतिबंधक औषध, दुसऱ्यास शिथिलीकरण व ताणनियोजनाचे शिक्षण, तिसऱ्यास दोन्ही आणि चौथ्यास निव्वळ भासमान औषध दिले. केवळ औषध घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के आणि केवळ ताणनियोजन शिकणाऱ्यांपैकी ३५ टक्के रुग्णांची डोकेदुखी निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. दोन्ही उपाय एकत्र केलेल्या गटात हे प्रमाण ६४ टक्के होते. भासमान औषधाच्या गटातही ते २९ टक्के होते, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. या आकड्यांचा बोध सरळ आहे. योग विरुद्ध औषध असा सामना लावण्याचे कारण नाही. ज्याला दोन्हींची गरज आहे, त्याने दोन्ही घ्यावीत. स्वदेशीचा अभिमान म्हणजे डॉक्टरांच्या औषधाचा तिरस्कार नव्हे.

वीस मिनिटांचा क्रम

विश्रांती म्हणजे आळस नव्हे, दूरदर्शनसमोर बसणे नव्हे आणि भ्रमणध्वनीवर बोट फिरविणे तर मुळीच नव्हे. ती करावयाची क्रिया आहे, आणि कोणत्याही कलेप्रमाणे सरावाने येते. त्यासाठी दिवसातील वीस मिनिटे पुरतात. वेळ शक्यतो एकच ठेवावी. भरल्या पोटी करू नये.

जमिनीवर सतरंजी घालून उताणे निजावे. मानेस आधार हवा असल्यास पातळ घडी घ्यावी; कंबर दुखत असेल, तर गुडघ्यांखाली उशी ठेवावी. डोळे मिटावेत. प्रथम पावलांचे स्नायू पाच-सात सेकंद आवळावेत, मग एकदम सोडून द्यावेत आणि अर्धा मिनिट त्या सैलपणाकडे लक्ष ठेवावे. याच रीतीने पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, दंड असे वर यावे. खांदे कानांकडे उचलून सोडावेत. शेवटी चेहरा घ्यावा. दात हलकेच दाबून जबडा सोडावा, डोळे घट्ट मिटून सैल करावेत, भुवया वर ओढून कपाळ मोकळे करावे. कोठेही दुखेल इतका जोर लावू नये. या विकारात कपाळ, जबडा आणि खांदे या तीन ठिकाणी अधिक वेळ द्यावा. कारण ताण तेथेच लपून बसतो. पुष्कळांना आपण दिवसभर दातांवर दात दाबून ठेवतो, याचा पत्ता प्रथम येथेच लागतो.

मग काही न आवळता केवळ श्वासाकडे पाहावे. उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांब आणि सावकाश होऊ द्यावा. श्वास कोंडून धरू नये. मन भटकले, तर रागावू नये. त्याला पुन्हा श्वासावर आणून सोडावे. ज्याला रुचेल त्याने मनात नामस्मरण करावे. उठताना आधी कुशीवर वळावे आणि मग सावकाश बसावे. झोप लागली तर बिघडत नाही. परंतु जागे राहून सैल होणे, हे या अभ्यासाचे ध्येय आहे.

पहिल्या आठवड्यात फारसा फरक जाणवणार नाही. काहींना तर आत किती ताण साठला आहे, हे कळल्याने अस्वस्थच वाटते. सहा ते आठ आठवडे नियमाने केल्यावाचून या उपायाचे मूल्यमापन करू नये. एकदा शरीरास सैलपणाची ओळख पटली की, तीच क्रिया छोट्या रूपात कोठेही करता येते. सिग्नलवर गाडी थांबली, संगणक सुरू होण्यास वेळ लागला किंवा भाताला उकळी यायची आहे, अशा अर्ध्या मिनिटात खांदे खाली सोडावेत, जबडा मोकळा करावा आणि एक लांब उच्छ्वास टाकावा.

दिवसाची घडी

शिथिलीकरण वीस मिनिटांचे आणि उरलेला दिवस विस्कटलेला, असे असेल तर लाभ टिकत नाही. झोपण्याची आणि उठण्याची वेळ रविवारीही शक्यतो तीच ठेवावी. निजण्यापूर्वी तासभर भ्रमणध्वनी दूर ठेवावा. जेवण चुकवू नये. ज्यांना उपाशी राहिल्याने डोके दुखते, त्यांनी उपवास करताना फळे, ताक, पाणी वेळेवर घ्यावे. व्रताचा हेतू इंद्रियसंयम हा आहे, देहदंड नव्हे.

रोज अर्धा तास चालणे, सूर्यनमस्कार किंवा शाखेवरील व्यायाम व खेळ यांनी मान आणि खांदे मोकळे होतात आणि झोपही चांगली लागते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो घराघरांतील सामान्य माणसासाठीच. माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. मान जितकी पुढे झुकते, तितका मानेच्या स्नायूंवर भार वाढतो. म्हणून संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीस आणावा, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत. चाळिशी उलटल्यावर चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. अभ्यंगाचा, विशेषतः डोके आणि तळपाय यांना तेल लावण्याचा आजीचा आग्रह वाग्भटाच्या दिनचर्येतून आलेला आहे. थकल्या रात्री तो सुखद ठरतो.

एका साध्या वहीत रोज तीन नोंदी कराव्यात. डोके किती वेळ दुखले, आदल्या रात्री झोप किती झाली आणि गोळी घेतली का. महिनाभरात त्या वहीतून दुखण्याची लय उमगते, आणि डॉक्टरांनाही ती वही उपयोगी पडते.

काही लक्षणे मात्र या सर्व विवेचनाच्या बाहेरची आहेत. क्षणार्धात भडकलेली, पूर्वी कधी न अनुभवलेली तीव्र वेदना, ताप येऊन मान ताठणे, हातापायांत दुर्बलता, बोलणे अडखळणे, दिसण्यात बिघाड, डोक्याला मार लागल्यानंतरची किंवा गरोदरपणात नव्याने उद्भवलेली डोकेदुखी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही असल्यास शवासन करीत बसू नये. विनाविलंब रुग्णालय गाठावे. सतत उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

घराचे कर्तव्य

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. हे सर्व ऐकून घरची गृहिणी म्हणेल, 'ही वीस मिनिटे आणायची कोठून?' तिचा प्रश्न रास्त आहे. सर्वांत आधी उठणारी, सर्वांच्या नंतर जेवणारी आणि सर्वांच्या शेवटी निजणारी स्त्री हे घराच्या संस्कारांचे भूषण मानले गेले. परंतु तिच्या कपाळावरील न उतरणारा भार ही त्या भूषणाची किंमत असेल, तर कुटुंबाने आपला हिशेब पुन्हा तपासला पाहिजे. भारतीय कुटुंबव्यवस्थेचे सामर्थ्य परस्परांसाठी झिजण्यात आहे. एकानेच झिजावे आणि इतरांनी ते पाहावे, ही कुटुंबव्यवस्था नव्हे. संध्याकाळची वीस मिनिटे तिची, हे घराने ठरवावे. त्या वेळात कुकरची शिटी पतीने मोजावी, दाराची घंटा मुलाने पाहावी. कमावत्या पुरुषालाही दारात पाऊल टाकताच तक्रारींचा पाढा ऐकवू नये. त्यालाही थोडा निवांतपणा मिळावा. आठवड्यातून एकदा सर्वांनी भ्रमणध्वनी बाजूस ठेवून एकत्र भोजन करावे, मनातले बोलावे. पुष्कळ मनस्ताप ऐकून घेणारे कोणी नसल्यामुळेच डोक्यात जाऊन बसतो.

२०१५ सालापासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो, याचा प्रत्येक भारतीयास सार्थ अभिमान आहे. मैदानात हजारोंनी एकत्र येऊन केलेली आसने डोळ्यांचे पारणे फेडतात. परंतु त्या दिवसाचे खरे साफल्य २२ जूनला ठरते. ज्या घरात दुसऱ्या दिवशीही एक सतरंजी अंथरली जाते, एक माणूस निःसंकोचपणे डोळे मिटून पडतो आणि बाकीचे हलक्या पावलांनी वावरतात, त्या घरात योग पोहोचला असे समजावे. समाजाची सेवा करणारे हात बळकट हवेत, हे सर्वांना पटते. त्या हातांना आज्ञा देणारे मस्तकही शांत हवे, इतकेच त्यात जोडायचे आहे.